मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले, "आणि मी बोटाला स्पर्श केला की सांगा."

मी डोळे मिटले. यवतमाळच्या दवाखान्यातली दुपार होती. बाहेर कोणी तरी ट्रॉली ढकलत नेत होतं आणि तिचं एक चाक कुरकुरत होतं. छताचा पंखा सावकाश फिरत होता. मी वाट पाहत राहिलो. डॉक्टरांना मध्येच काही आठवलं असेल, कुठला कागद शोधत असतील, असं वाटलं.

"लावा ना डॉक्टर," शेवटी मीच म्हणालो.

शेजारी माझी बायको करुणा उभी होती. तिने श्वास आत ओढला, तेवढा ऐकू आला. मी डोळे उघडले. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला टाचणी टेकलेली होती आणि तिथे रक्ताचा एक थेंब उभा होता.

"लय वेळची टोचून राह्यले ते," करुणा हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी टाचणी बाजूला ठेवली. "मीडियन नर्व्ह कापली गेली आहे," ते म्हणाले. मीडियन नर्व्ह म्हणजे हाताच्या मधोमध मनगटातून तळव्यात उतरणारी नस. रक्ताची नव्हे, जाणिवेची. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि चौथ्याची एक बाजू, एवढ्या भागाला कळतं ते तिच्यामुळे. अंगठा बोटांच्या समोर येतो तोही तिच्याच जोरावर. "वरची जखम भरली. आतली नस मात्र तशीच तुटलेली राहिली. तीन आठवडे झालेत. दोन्ही टोकं एकमेकांपासून मागे सरकली असतील."

मी त्या थेंबाकडे पाहत होतो. तो दुसऱ्या कुणाच्या बोटावर असावा तसा दिसत होता.

माझ्यासारखी वेळ कुणावर आली तर त्याला थोडी सोबत व्हावी म्हणून हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. माझं नाव गौतम. घाटंजीजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. गाडीतला कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणं हे माझं काम. कापसाचा छोटा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, तंतू सरळ करायचे आणि धागा किती लांब आहे ते पाहायचं. पट्टी लागत नाही, बोटांना कळतं. पंधरा वर्षं मला ते कळत होतं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज येत होतं आणि कशासाठी येत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. केंद्राबाहेर गाड्यांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत जायची. माणसं गाडीखालीच झोपायची, तिथेच भाकरी खायची. वरून आम्हाला सांगणं असायचं की प्रत कडक लावा. मी कडक लावत होतो.

त्या दुपारी उकंडा राठोड नावाचा शेतकरी माझ्या खिडकीशी आला. तो जवळच्या एका तांड्यावरचा, पन्नाशीचा, उंच माणूस. त्याच्या कापसाला मी खालची प्रत लिहिली होती. तो हातात पुंजका धरून उभा राहिला.

"साहेब, एकडाव परत पाहा. बोंडं म्या निवडून आणले."

"पाहिलं एकदा."

"माह्यासमोर पाहा ना."

मी खिडकीची वरखाली सरकणारी काचेची झडप जोरात खाली ओढली. ती चौकटीवर आदळली, काच फुटली, आणि जोरात असलेला माझा हात तसाच त्या फुटक्या काचेतून बाहेर गेला. एवढंच झालं. दुखलंही नाही. उकंडानेच बाहेरून माझं मनगट धरलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि करकचून गुंडाळला. त्यानेच कुणाचा तरी टेम्पो थांबवला. गावातल्या दवाखान्यात टाके पडले. बोटं बधिर वाटतात असं मी म्हणालो, तेव्हा सूज उतरली की जाईल, असं उत्तर मिळालं. मलाही तेच हवं होतं.

तीन आठवड्यांनी करुणाला माझ्या बोटावर फोड दिसला. चहाचा गरम गंज, म्हणजे पातेलं, मी उघड्या बोटांनी उचलला होता आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हा आम्ही यवतमाळला आलो.

ऑपरेशनच्या आधी एक तपासणी झाली. तिला नर्व्ह कंडक्शन म्हणतात. नसेला बारीक करंट देतात आणि तो पुढे कुठवर पोचतो ते पडद्यावर पाहतात. कोपरापाशी करंट दिला की हिरवी रेघ उसळायची. मनगटाच्या पुढे गेलं की सपाट. मला ती सपाट रेघ पाहून वाघाडी नदीची उन्हाळ्यातली वाळू आठवली.

ऑपरेशनला पूर्ण भूल दिली नाही, फक्त हात झोपवला. गुंगीचं औषधही दिलं होतं. मी हिरव्या कापडाच्या अलीकडे पडून होतो आणि पलीकडे माझ्या हाताचं काही तरी चाललं होतं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. आवाज दुरून येत होते, पाण्याखाली असल्यासारखे. "इथे आहे टोक... आणि दुसरं हे." मग बराच वेळ काही नाही. मग, "ओढून बांधलं तर ताण जास्त होईल. मनगट वाकवून जोडू." मला वाटत होतं, मी एका पांढऱ्या ढिगावर पडलो आहे आणि तो ढीग खालून हळूहळू उपसला जातो आहे. भीती वाटत नव्हती. खाली कुठे पोचणार याची नुसती उत्सुकता होती.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तुटलेल्या नसेचा बोटांकडचा भाग मरतो. त्याची फक्त पोकळ नळी उरते. वरच्या टोकातून नवे तंतू फुटतात, त्या नळीत शिरतात आणि पुढे वाढत जातात. या तंतूंना अ‍ॅक्सॉन म्हणतात. रोज साधारण एक मिलिमीटर, तेही सगळं नीट असेल तर. "तुमच्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत जायला त्याला सहा-आठ महिने लागतील," ते म्हणाले. "तो पोचेलच असं मी लिहून देत नाही."

हात वाकवलेल्या मनगटासह पट्टीत बांधला गेला. एखादा पक्षी मान खाली घालून झोपतो तसा दिसत होता. दर आठवड्याला यवतमाळला जायचं, पट्टी थोडी सरळ करून घ्यायची, परत यायचं. एकदम सरळ केलं तर जोड तुटेल. तसंच वाकडं ठेवलं तर नस आजूबाजूच्या मांसाला चिकटून बसेल आणि हलणार नाही. बरं होणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या एका गृहस्थांनी घाई केली आणि त्यांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं.

तिथेच मला नंदिनी मॅडम भेटल्या.

त्या उपचार करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. मूळच्या पुसदच्या, वडील शाळेत मास्तर. शिकून मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत नसांवर संशोधन करत होत्या. महिन्यातून एकदा यवतमाळला येऊन माझ्यासारख्या पेशंटांचे हात तपासायच्या, मोजमापं लिहून घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सही घेण्याआधी स्पष्ट सांगितलं, "यातून तुम्हाला फायदा होईलच असं नाही. आम्ही अजून शिकतो आहोत. तुमचा उपचार डॉक्टर सांगतील तोच. मी फक्त पाहणार."

"काय पाहणार?"

"ताण," त्या म्हणाल्या. "नसेला किती ओढलं तर ती वाढते आणि किती ओढलं तर तुटते."

मी हसलो असेन, कारण त्याही हसल्या. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर राखाडी पाण्यात एक पेशी होती. तिच्यातून एक बारीक धागा निघाला होता आणि धाग्याच्या टोकाला पसरलेला पंजा. तो पंजा हलत होता. पुढे सरकायचा, चाचपायचा, एक बोट लांब करायचा, मागे घ्यायचा. अंधारात भिंत चाचपत चाललेल्या माणसासारखा.

"हा तासभराचा प्रकार आहे, मी वेग वाढवून दाखवते आहे," त्या म्हणाल्या. "हे टोक पुढे जमीन पकडतं आणि स्वतःला ओढून घेतं. मागचा धागा त्या ओढीने लांब होतो. आणि आपण बाहेरून हलकेच ओढलं, अगदी हलकं, तरी तो वाढतो. तुटत नाही, पातळ होऊन विरतही नाही, खरोखर नवा माल भरून वाढतो. लहान लेकरू वाढते तवा काय होते? हाडं लांब होतात आन् नस त्याईच्या संगं ओढली जाते. ओढूनच तर ते लांब होते ना!" बोलता बोलता मॅडम पुसदच्या होऊन गेल्या होत्या. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्या पुन्हा शुद्ध बोलू लागल्या. "पेशीला नुसती रसायनं कळत नाहीत. तिला धक्का कळतो, ओढ कळते."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. फाल्गुनातली दुपार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. माझा डोळा लागत होता आणि उघडत होता. प्रत्येक वेळी मला तो पंजा दिसायचा. माझ्या पट्टीच्या आत या क्षणी असे हजारो पंजे चाचपत असतील, असं वाटून मी हात मांडीवर अगदी हलका ठेवला, झोपलेल्या तान्ह्या लेकरासारखा.

घरी दिवस लांब होते. मी अंगणात निंबाखाली बाजेवर पडून राहायचो. काही कळत नसलेल्या हाताचं एक वेगळंच जग असतं. कधी बोटं बर्फात ठेवल्यासारखी वाटायची, कधी ती नाहीतच असं वाटायचं. एकदा दुपारी मला स्पष्ट जाणवलं की माझा हात कोपरापासून पुढे फार लांब झाला आहे, कुंपणावरून, रस्त्यावरून, नदीपर्यंत गेला आहे, आणि त्याची बोटं तिकडे वाळूत काही शोधत आहेत. मी तसाच पडून राहिलो. त्याला परत बोलवावंसं वाटलं नाही. तुम्हालाही असं काही वाटलं तर घाबरू नका. मेंदू त्या हरवलेल्या भागाची वाट पाहत असतो, असं डॉक्टर म्हणाले.

पण त्या बाजेवर मी आणखी एका गोष्टीबरोबर पडून होतो, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

माझ्या हाताला लागलं त्याच संध्याकाळी केंद्राच्या मॅनेजरांनी पोलिसांत तक्रार दिली होती. शेतकऱ्याने काच फोडली, कर्मचारी जखमी झाला. नाव उकंडा राठोड. मी तेव्हा दवाखान्यात होतो. चार दिवसांनी, करुणा घरी नसताना, जमादार आले, लिहून आणलेला जबाब त्यांनी वाचून दाखवला आणि मी डाव्या हाताने सही केली. माझा मेंदू तेव्हा थकलेला होता, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मला सगळं नीट कळत होतं. कामावर असताना दुसऱ्याच्या हातून जखम झाली की नोकरीवर प्रश्न येत नाहीत. स्वतः रागाने काच फोडली की येतात.

करुणाला हे मी सांगितलं नव्हतं. तिला बाजारात कळलं. गुरुवारच्या बाजारातून ती आली, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "त्या बंजारा माणसावर केस झाली म्हणे. त्यानं काच फोडली?"

मी पट्टी सारखी करू लागलो.

"मले तर तुमी सांगतलं होतं, झडप ओढली म्हणून."

"कागदावर तसं लिहिलं गेलं."

"कागद लिवते कोण?" ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती माझी पट्टी पूर्वीसारखीच काळजीने बांधायची, जेवण वेळेवर वाढायची. बोलणं मात्र गरजेपुरतं झालं.

चैत्रात एका सकाळी मी घाटंजीच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. पत्र्याच्या शेडखाली बाकावर कोणी तरी सरकून मला जागा दिली. बसल्यावर पाहिलं, तो उकंडा होता. धुतलेलं धोतर, हातात कागदांची पिशवी. त्याची त्या दिवशी कोर्टात तारीख होती.

मी उठणार होतो. तो म्हणाला, "बसा साहेब."

बसलो.

"बोटं हलतात काय?"

"थोडी."

"लय रगत गेलं होतं. माह्या बायकोनं तो दुपट्टा तीन डाव धुतला, डाग काई गेला नाही." मग त्याने पिशवीतले कागद सारखे केले. "म्या काच फोडली नाही साहेब. तुमाले तर ठाव हाय."

"हो."

"मंग काहून सांगत नाही तुमी?"

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच कारण जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यात माझी गाडी लागली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर तो पिशवी छातीशी धरून कोर्टाच्या रस्त्याला लागला होता.

त्या दिवशी दवाखान्यात नंदिनी मॅडम होत्या. त्यांनी माझ्या मनगटापासून तळव्याकडे बोटाने हलक्या टिचक्या मारायला सुरुवात केली. ही तपासणी साधी आहे. नवे तंतू जिथपर्यंत पोचले असतील तिथे टिचकी मारली की पुढे बोटांत मुंग्या येतात. जखमेच्या खाली, तळव्याच्या सुरुवातीला, अचानक माझ्या मधल्या बोटात झिणझिणी गेली. मी हात ओढून घेतला.

"आलं?" मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी पेनने तिथे ठिपका काढला. "इथवर पोचलं."

मग मोजपट्टी घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही ग्रेडर ना? कापूस ओढून बघता तेव्हा किती जोराने ओढायचं ते कसं कळतं? मला हे खरंच हवं आहे. आमच्याकडे यंत्रं आहेत, पण सुरुवातीला मला अंदाजच येत नव्हता."

मी त्यांना सांगू लागलो. ढिलं धरलं तर तंतू सरळ होत नाहीत. जोरात ओढलं तर मधूनच तुटतात. मग आखूड धागा हातात येतो आणि माणूस म्हणतो, धागाच आखूड आहे. म्हणून सुरुवात अशी करायची की ओढतो आहोत हे त्यालाही कळू नये. मग थोडं थांबायचं. मग आणखी थोडं.

"थांबायचं," मॅडम पुटपुटल्या आणि वहीत लिहून घेतलं.

आणि मग मी न विचारता म्हणालो, "काही दिवस मी मुद्दाम झटका दिला आहे."

त्यांनी मान वर केली.

"वरून सांगणं असायचं की प्रत खाली लावा. माणूस समोर उभा असतो, त्याचा कापूस चांगला असतो. अशा वेळी पुंजका झटक्यात ओढायचा. तंतू तुटतात. मग त्याच्याच डोळ्यांसमोर आखूड धागा दाखवायचा. ज्या दिवशी हात कापला, त्या दिवशी तसंच केलं होतं. म्हणून पुन्हा पाहा म्हटल्यावर मी झडप ओढली."

बोलून झाल्यावर माझा हात टेबलावर तसाच पडून होता, त्यावरचा निळा ठिपका वर. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. मॅडमनी वही मिटली.

"हे मी लिहून घेत नाही," त्या म्हणाल्या. "हे लिहून घेणारी जागा वेगळी आहे."

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. करुणा सोबत आली, मी तिला बोलावलं नव्हतं. जमादारांनी दोनदा विचारलं, कोणी धमकावलं काय. मी नाही म्हणालो. काच माझ्या हाताने फुटली, पहिला जबाब खोटा होता, त्या माणसाने माझा जीव वाचवला. प्रतीबद्दलही सांगितलं, पण जमादार म्हणाले, त्याचा या केसशी संबंध नाही. मग ते मी साध्या कागदावर करुणाकडून लिहून घेतलं आणि केंद्रावर नेऊन दिलं. तो कागद पुढे कुठे गेला, मला कळलं नाही. माझी ग्रेडरची खुर्ची गेली. मला गोदामाच्या नोंदीच्या कामाला लावलं, ते योग्यच होतं. उकंडावरचं प्रकरण दोन तारखांनंतर मिटलं.

मी त्याला भेटायला तांड्यावर गेलो. तो बाजेवर बसून दोरी वळत होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतली.

"सांगतलं ते बरं केलं," तो म्हणाला. "पण साहेब, माहा कापूस तर खालचाच लिवला गेला ना. तो कागद काही बदलला नाही." मग दोरी बाजूला ठेवून, "चहा घेऊन जा."

मी चहा घेतला. त्याने मला माफ केलं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. तो विषय त्याचा आहे.

त्यानंतरचे महिने मला धुक्यातून चालल्यासारखे आठवतात. दर वेळी तळव्यावरचा ठिपका थोडा पुढे सरकलेला असायचा. आषाढात तो अंगठ्याच्या मुळाशी होता, श्रावणात मधल्या बोटाच्या पहिल्या पेऱ्यावर. रोज सकाळी मी फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम करायचो. त्याला नर्व्ह ग्लायडिंग म्हणतात. नस तिच्या वाटेत पुढे-मागे सरकावी म्हणून कोपर, मनगट, बोटं एका क्रमाने हळूहळू ताणायची आणि सोडायची. दुखेपर्यंत ताणायचं नाही. दुखणं म्हणजे जास्त झालं. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. यात काही चमत्कार नाही, कंटाळा मात्र खूप आहे. कंटाळा आला तरी करा.

दसऱ्याच्या सुमारास बोटांच्या टोकांना पहिल्यांदा काही तरी कळलं. पण ते चुकीचं कळलं. करुणा मधल्या बोटाला हात लावायची आणि मला ते अंगठ्याशेजारच्या बोटात जाणवायचं. कापूस खरखरीत लागायचा आणि गोणपाट ओला. मी घाबरून नंदिनी मॅडमना विचारलं.

"तंतू वाढले, पण प्रत्येकाला आपली जुनी नळी सापडली नाही," त्या म्हणाल्या. "काही शेजारच्या वाटेने गेले. वाट आता बदलता येणार नाही. मेंदूला नवीन नकाशा शिकवावा लागेल. स्पर्श करायचा, डोळ्यांनी पाहायचं, आणि त्याला सांगायचं की हे मधलं बोट आहे. रोज."

त्या शेवटच्या भेटीत त्यांनी आपली वही दाखवली. माझ्या हाताची बाहेरची रेघ काढलेली होती आणि तिच्यात महिन्यामहिन्याचे ठिपके. माझ्याखेरीज आणखी बऱ्याच जणांचे हात त्या वहीत होते. विळा लागलेले, पत्रा लागलेले, मोटारीच्या पंख्यात गेलेले. "यातून काय निघालं?" मी विचारलं. "अजून काही नाही," त्या मोकळेपणाने म्हणाल्या. "पण पुढे कोणी तरी असं यंत्र करेल की तुटलेल्या नसेला रोज बरोबर तेवढंच ओढेल, जेवढं तिला हवं आहे. तेव्हा त्याला हे ठिपके लागतील." मला त्या आणि ते डॉक्टर कायम आठवतात. त्यांनी मला खोटी आशा एकदाही दिली नाही, आणि त्यामुळेच त्यांचा प्रत्येक शब्द मी धरून ठेवला.

माझा हात पहिल्यासारखा झालेला नाही. अंगठा समोर येतो, शर्टाची बटणं लावता येतात, पेन धरता येतं. कापसाच्या धाग्याची लांबी मात्र मला आता कळत नाही, कळणारही नाही. आधी याचं वाईट वाटायचं. आता कुणी पुंजका पुढे केला तर मी सरळ म्हणतो की मला समजत नाही. पंधरा वर्षांत हे वाक्य मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ज्यांना नुकतं कळलं आहे की आपली नस तुटली, त्यांना मी एवढंच सांगेन: लवकर दाखवा, बधिरपणा सुजेवर ढकलू नका, आणि नंतर मात्र घाई करू नका.

नवा नकाशा शिकवण्याचा एक खेळ फिजिओथेरपिस्टने दिला होता. दुसऱ्याने आपल्या बोटावर किंवा तळव्यावर अक्षर काढायचं, आणि आपण डोळे मिटून ओळखायचं. हिवाळ्यात जेवण झालं की करुणा आणि मी अंगणात उन्हाला बसायचो. ती काढायची, मी चुकायचो. क म्हणजे मला फ वाटायचा. ट आणि ढ सारखेच. कधी अक्षराच्या जागी मला फक्त कोवळं ऊन फिरल्यासारखं वाटायचं आणि मी अर्धवट झोपेत जायचो.

एका दुपारी मी तसाच पेंगत होतो. तिने माझी बोटं उलगडली आणि काही तरी लिहिलं.

"पुन्हा काढ," मी म्हणालो.

तिने पुन्हा काढलं. एक उभी रेघ होती, एवढं कळलं. तिच्या अलीकडे लहानशी गाठ.

"न?"

"हो. पुढचं पाहा."

पुढचं अक्षर दोन वेटोळ्यांचं होतं. ते तळव्यावरून सुरू झालं आणि मधल्या बोटाच्या मुळापाशी संपलं. मी शोधत गेलो, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात. आणि ते अक्षर एकदम आपल्या जागी येऊन बसलं.

"ळ," मी म्हणालो. "नळ!"

"बरोबर. नळ आले," करुणा म्हणाली. "चार दिवसानं आले. आता उठा, अन् पाण्याचा गुंड लावा त्याखाली. मी आतले भांडे घेऊन येतो."

मी उठलो. डोळ्यांवर अजून झोप होती. उजव्या हाताने गुंड धारेखाली धरला. पाणी चढू लागलं तसं त्याचं तांब्याचं अंग थंड होत गेलं. ती थंडी खालून वर सरकत आली, आधी करंगळीला, मग चौथ्या बोटाला, मग मधल्याला. मी हात हलवला नाही.